मधोमध तुटलेली रेघ

धायरी, पुणे
६ फेब्रुवारी २०१६

चि. पायल,
सप्रेम जय भीम.

फोन लागला की तुझी काकू तो माझ्या हातात येऊ देत नाही, आणि मला जे विचारायचंय ते फोनवर सांगण्यासारखंही नाही. म्हणून ईमेल लिहितोय. मराठीत टाइप करणं आता बऱ्यापैकी जमतं, तरी चुका पोटात घाल.

दिवाळीत लीड्सहून आलीस तेव्हा माझ्या संगणकावर पायथन आणि त्याच्या ओळी लिहून चालवायचं ते स्पायडर टाकून दिलंस. "काका, यात आकडे घातले की आलेख आपोआप निघतो," म्हणालीस. माझा अजून निघालेला नाही. तू लिहून दिलेल्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या. रन केलं की लाल अक्षरांत येतं की मॅटप्लॉटलिब हे पॅकेज नाही. नाही कसं? तूच तर टाकून गेलीस.

घाईचं कारण सांगतो. आपल्या सोसायटीच्या मागच्या अंगाला जुनी विहीर आहे ना, ती बुजवून तिथे पार्किंग करायचं कमिटीच्या मनात आहे. म्हणे उन्हाळ्यात आटते, डास होतात, उपयोग काही नाही. मी या विहिरीत गेली आठ वर्षं दर रविवारी टेप सोडून पाण्याची पातळी मोजतोय. ती आटत नाही. मे महिन्यात खाली जाते आणि पुन्हा वर येते, दर वर्षी. हे मी तोंडाने सांगितलं तर म्हणतील, सुखदेवरावांना रिटायर झाल्यापासून उद्योग नाही. आलेख समोर ठेवला तर गप्प बसतील. चोवीस एप्रिलला खास सभा आहे.

आणखी एक. माझ्या वडिलांना गावच्या विहिरीवर लांब उभं राहावं लागायचं, कोणी ओतलं तर पाणी. मी माझ्या हाताने विहिरीत टेप सोडतो. हे सभेत सांगणार नाही, तुला सांगतो.

काकू विचारते, जेवतेस का वेळेवर?

तुझा काका

*

लीड्स
७ फेब्रुवारी २०१६

ती. काका,
सप्रेम जय भीम.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोत वरच्या बाजूला बघितलं आणि ऑफिसमध्ये एकटीच हसत बसले. काका, तुम्ही तुमच्या फाइलचं नावच "मॅटप्लॉटलिब" ठेवलंय! पायथन जेव्हा मॅटप्लॉटलिब शोधायला निघतं, तेव्हा आधी शेजारीच बघतं. तिथे त्याला तुमची फाइल सापडते. आलेख काढणाऱ्या खऱ्या लायब्ररीपर्यंत ते पोचतच नाही. फाइलचं नाव बदला. "विहीर" ठेवा, इंग्रजी अक्षरांत. स्पायडर बंद करून पुन्हा उघडा आणि मग रन करा.

ही चूक आमच्याकडे नवीन आलेली सगळी मुलं करतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

विहिरीचं वाचून बरं वाटलं. दहावीच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर टेप धरायला यायचे ती आपल्या क्वार्टरमागची टाकी होती, पण सवय तीच दिसते. पप्पा गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत, तेव्हा पहिल्या आठवड्यात तुम्ही मला फूटपट्टीने सरळ रेघ मारायला शिकवलं होतं, आठवतं? मला तेव्हा वाटलं होतं की हे काय रडणाऱ्या मुलीला शिकवायचं.

काकूला सांगा, जेवते. इकडे सगळं छान.

पायल

*

धायरी
१४ फेब्रुवारी

चि. पायल,

नाव बदललं, रेघ निघाली! तुझ्या काकूला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "एवढीशी?" खरंच एवढीशी आहे. स्पायडरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे उत्तरं छापली जातात तिथेच चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं येतं. मला ते वेगळ्या खिडकीत मोठं करून हवंय, पानभर छापता येईल असं.

दुसरं म्हणजे मी आलेखाला मराठीत नाव दिलं, तर अक्षरांच्या जागी चौकोनी डबे येतात. सभेतले निम्मे लोक इंग्रजी वाचतील, पण मला मराठीच हवं.

तुला सांगतो, आमच्या पाटबंधारे ऑफिसात पहिला प्लॉटर आला त्या दिवशी मी असाच उभा होतो. आम्ही आठ-नऊ आरेखक, ट्रेसिंग पेपरवर पेनाने धरणांचे नकाशे काढणारे. यंत्राने आमच्या चार दिवसांचं काम चहा होईपर्यंत काढलं. पुढच्या महिन्यात आमचे लाकडी बोर्ड गच्चीवर नेऊन ठेवले. मला दुसऱ्या टेबलावर बसवून फायलींना नंबर घालायला दिले. तेव्हा संगणकाचा राग आला होता. आता त्याच्याच समोर बसून रेघ काढतोय.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या धरणांच्या रेघा काढल्या, खाली सही साहेबाची. हा आलेख पहिल्यांदाच माझा.

तुझा काका

*

लीड्स
१६ फेब्रुवारी

ती. काका,

मोठ्या खिडकीसाठी स्पायडरच्या टूल्समध्ये जा, तिथे प्रेफरन्सेस, मग आयपायथन कन्सोल, त्यात ग्राफिक्स. तिथे "इनलाइन" लिहिलेलं असेल, त्याच्या जागी "ऑटोमॅटिक" करा. स्पायडर बंद करून उघडा. आता चित्र वेगळ्या खिडकीत येईल, कोपरा धरून हवं तेवढं ओढा.

डब्यांचं कारण म्हणजे त्याच्याकडच्या फॉन्टमध्ये आपली अक्षरं नाहीत. खाली दोन ओळी दिल्या आहेत, त्या आलेखाच्या आधी घाला. डबे जातील. पण एक सांगते, त्या लायब्ररीला आपली जोडणी येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी, ती नंतर येऊन बसेल. त्यावर माझ्याकडे सोपा उपाय नाही. नाव हाताने लिहा, तुमचं अक्षर छापल्यासारखंच आहे.

मे महिन्यात यायचा विचार होता, पण दिवाळीला सगळी रजा संपली. बघते.

पायल

*

धायरी
५ मार्च २०१६

चि. पायल,

खिडकी आली. डबे गेले. "विहीर" असं लिहिलं तर काहीतरी "वहि" असं वाचलं जातं. ज्याला वेलांटी कळत नाही त्याला विहीर काय कळणार! नाव हातानेच लिहीन.

पण आता नवीनच भानगड झाली आहे. आलेखामागे तू जी उभ्याआडव्या रेघांची जाळी घालायला शिकवलीस, तिच्या रेघा मधोमध वाकतात. पाण्यात काठी बुडवली की दिसते तशा. आणि पातळीची निळी रेघ मध्येच तुटते. दोन्ही टोकांना नीट आहे, मधे थोडी जागा कोरीच. मी रेघ जाड केली, निळ्याची काळी केली. काळी केली तर तुटलेल्या जागी राखाडी डाग दिसतो.

आरेखकाच्या हातून असा कागद गेला असता तर साहेबाने तोंडावर फेकला असता. सभेत वाकडी जाळी घेऊन कसा जाऊ? लोक म्हणतील, रेघ सरळ नाही तर आकडे तरी कशावरून खरे.

सवड झाली की कळव. घाई नाही, पण तशी आहेही.

काका

*

लीड्स
२० मार्च

ती. काका,

उशीर झाला, माफ करा. आमचं प्रोजेक्ट संपायला आलंय. कोणाला ठेवणार, कोणाला परत पाठवणार, यावरून रोज मीटिंगा चालू आहेत. काळजीचं काही नाही.

रेघ मध्येच तुटते याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आकड्यांत मधे कुठे रिकामी जागा राहिली असेल. एखाद्या रविवारी मोजलं नसेल तर तिथे रेघ तुटणारच, लायब्ररी स्वतःहून सांधत नाही. एकदा सगळा तक्ता वरून खाली बघा. जाळी वाकडी दिसते ते खिडकी विचित्र मापात ओढल्यामुळे असेल. मूळ मापात आणून बघा.

आणि मला ती फाइल पाठवून द्या.

पायल

*

धायरी
२२ मार्च

चि. पायल,

फाइल सोबत जोडली आहे. एकही रविवार रिकामा नाही. मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तुझी काकू जाऊन मोजून आली होती, तिचेही आकडे आहेत.

खिडकी मूळ मापात आणली. फरक नाही. पण एक गोष्ट लक्षात आली, ती तुला उपयोगी पडेल. खंड एका जागी नाही. मी मार्चवर बघितलं तर रेघ मार्चमध्ये तुटते. ऑगस्टवर बघितलं तर ऑगस्टमध्ये तुटते आणि मार्चची परत येते. खिडकी ओढून कोपऱ्यात नेली तरी तेच. असा दोष तू पाहिलायस का?

पाणीकपात चालू झाली आहे. पलीकडच्या सोसायटीत टँकर येतो. आपल्या विहिरीत पाणी आहे. परवा चेअरमन दीनानाथराव जिन्यात भेटले. मूळचे सदाशिव पेठेतले, बोलणं तसंच तिरकं. म्हणाले, "काय सुखदेवराव, विहीर काय म्हणते?" मी म्हटलं, चोवीस तारखेला सांगेल.

काका

*

लीड्स
२९ मार्च

ती. काका,

तुमची फाइल माझ्याकडे चालवली. रेघ अखंड आहे, जाळी सरळ. काहीही दोष नाही. खरंच सुंदर दिसतो आलेख, दर उन्हाळ्यात खाली उतरून पुन्हा चढणारा. म्हणजे तुमचे आकडे बरोबर, प्रोग्राम बरोबर, लायब्ररी बरोबर.

तुम्ही बघता तिथे खंड सरकतो म्हणजे तुम्ही माऊस नेता तिथे चित्र पुन्हा नीट काढलं जात नसणार. हा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा दोष असतो. तो नवीन कसा टाकायचा ते खाली दिलंय. त्यानेही झालं नाही तर मॉनिटर बदला. तो फार जुना झालाय, दिवाळीतच मी म्हणाले होते.

काका, रागवू नका, पण मला या आठवड्यात यावर आणखी वेळ देता येणार नाही. छापून बघा. कागदावर नीट येईल.

पायल

*

धायरी
९ एप्रिल

चि. पायल,
काकूचा जय भीम.

मी कधी पत्र लिहीत न्हाई, तुला माहीत हाय. हे कागदावर लिहून फोनवर फोटो काढून पाठवते. त्यांना सांगू नको.

तू मॉनिटर बदल म्हणलीस, ह्यांनी दुसऱ्या दिवशी नवा आणला. त्याच्यावर पण रेघ तुटते म्हणतात. मग छापून आणलं. कागद खिडकीपाशी धरून उभे राहिले, बराच वेळ. मला म्हणले, "हिरा, इथं रेघ हाय का?" मी म्हणलं, हाय की. त्यांनी कागद गुंडाळून ठेवला.

पायल, मला तुझ्यातलं काही कळत न्हाई, पण मॉनिटर बिघडला तर दाराची चौकट का वाकावी? परवा ते चौकटीला हात लावून बघत होते. चहा ओतताना कपाच्या बाजूला ओततात. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात. आजवर कधी धरला न्हाई. डावा डोळा तर त्यांचा लहानपणापासून नावालाच हाय, सगळं काम उजव्याचंच.

मागच्या महिन्यात चष्मेवाल्याकडे गेले होते. त्याने सांगितलं चष्म्याचं काम न्हाई, पडद्याच्या डॉक्टरला दाखवा, लगेच दाखवा. मला हे काल कळलं, चष्मेवाला भाजीबाजारात भेटला म्हणून. घरी विचारलं तर म्हणतात, सभा होऊ दे.

तुझं ऐकतात. तू सांग.

काकू

*

लीड्स
९ एप्रिल

काका,

हे वाचताय तिथून उठा. आलेखाचा छापलेला कागद घ्या, डावा डोळा हाताने झाका, आणि जाळीच्या मधोमध बघा. रेघा वाकतात ना? आता कागद ठेवून दाराची चौकट बघा. तीही वाकते ना?

काका, ड्रायव्हरचा दोष नाही. मॉनिटरचा नाही. तुम्ही मला स्पष्ट लिहिलं होतंत की जिथे बघतो तिथे तुटते. मी माऊस म्हणून वाचलं. मी आज दिवसभर वाचत बसले. अशी वाकडी दिसणारी जाळी डोळ्यांचे डॉक्टर मुद्दाम दाखवतात, पडदा तपासायला. यात लवकर इंजेक्शन दिलं तर नजर वाचते. आठवडे गेले तर जाते.

उद्याच्या उद्या जा. उद्या रविवार आहे, तरी एखादं हॉस्पिटल उघडं असेलच. मी फोन करतेय, तुम्ही उचलत नाही आहात.

पायल

*

धायरी
११ एप्रिल

चि. पायल,

फोन मुद्दाम उचलला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर हो म्हणालो असतो.

मला माहीत होतं. म्हणजे अगदी पहिल्यापासून नाही. पहिले काही दिवस खरंच वाटलं की लायब्ररीचाच दोष. नंतर एकदा पोर्चमध्ये बसलो होतो, समोरच्या विजेच्या तारा वाकलेल्या दिसल्या. त्या तारांमागे काही मॅटप्लॉटलिब नव्हतं. तरी तुला विचारत राहिलो. वाटायचं, तू काहीतरी सेटिंग सांगशील आणि जाईल. तुझ्या प्रत्येक ईमेलनंतर एक-दोन दिवस बरं वाटायचं.

डॉक्टर काय सांगतील मला ठाऊक आहे. डोळ्यात सुई, पट्टी, वाचन बंद, स्क्रीन बंद. अजून छापील कागदावर नाव लिहायचं आहे, तारखा लिहायच्या आहेत, वरची खालची पातळी हाताने दाखवायची आहे. हे दुसऱ्या कोणाच्या हातचं मला नको. गुरुवारी चौदा एप्रिल, सगळ्यांना विहाराकडे जायचं असतं. मग राहतात दहा दिवस. पंचवीस तारखेला सकाळी तुझ्या काकूबरोबर जातो. शब्द देतो.

रागावू नकोस. हे काम मला पुरं करायचंय.

काका

*

लीड्स
११ एप्रिल

काका,

विहीर गेली तरी चालेल. पार्किंग होऊ दे. तुमचा डोळा जाऊन चालणार नाही. नाव मी लिहून पाठवते, तुमच्या अक्षरासारखं लिहिते, कोणाला कळणार नाही.

मी तुमच्या पाया पडते. आज जा.

पायल

*

धायरी
२ मे २०१६

चि. पायल,

फोनवर तुला तुकड्यातुकड्यात सांगितलं, तू रडायला लागलीस म्हणून मी फोन ठेवला. आता नीट लिहिते.

सभेला हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आलेख भिंतीला लावला. वर त्यांच्या हाताने नाव लिहिलेलं, "विहिरीची पातळी". त्यातली एक वेलांटी जरा बाजूला गेली होती, बाकी छान होतं. चांगलं बोलले. लोक पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते. मग कोणीतरी विचारलं, मागच्या दुष्काळात मे महिन्यात किती पाणी होतं ते दाखवा. हे कागदाकडे वळले. बोट ठेवलं ते भलत्याच जागी, पावसाळ्यावर. तिथून बोट सरकवायला लागले आणि थांबले. सगळे बघत होते.

मी मागे बायकांत बसले होते. सभेत मी कधी तोंड उघडलं न्हाई. उठले, जाऊन त्यांचं बोट धरलं आणि मे महिन्यावर ठेवलं. खाली लिहिलेला आकडा वाचला. म्हणलं, इतकं पाणी होतं, मीच मोजलं होतं, तेव्हा हे आजारी होते.

दीनानाथराव म्हणले, "आलेख फारच सुंदर आहे. पण आलेखात गाडी उभी करता येत नाही." लोक हसले. मग हात वर करायला सांगितलं. आमच्या बाजूने थोडे झाले, आपल्या मजल्यावरची तरणी मुलं आणि एक म्हातारे गृहस्थ. बाकी सगळे पार्किंगचे.

यांनी कागद खाली उतरवला, नीट गुंडाळला. वाटेत म्हणले, "रेघ सरळ होती ना?" मी म्हणलं, एकदम सरळ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी फोटो काढले पडद्याचे, आतून रक्त पाझरलंय म्हणले, व्रण धरलाय. विचारलं, केव्हापासून. हे म्हणले, फेब्रुवारी. डॉक्टर जरा वेळ लिहीतच राहिले. मग म्हणले, इंजेक्शन देऊ, आहे तेवढं राखायचा प्रयत्न करू, मधलं गेलेलं येणार न्हाई. एक इंजेक्शन झालं. सुई डोळ्यात देताना मी बाहेर होते.

आता माणूस समोर आला की त्याचा चेहरा दिसत न्हाई त्यांना. कडेचं दिसतं, कान, खांदे, पदर. वाचणं गेलं. आज सकाळी पेपर आला, घडी न मोडता माझ्या हातात दिला.

स्वतःला बोल लावू नको. तू सांगितलंस तेव्हा पण ते गेले न्हाईत.

काकू

*

लीड्स
४ मे

ती. काकू,

हे काकांना वाचून दाखव.

काका, तुमचे सगळे ईमेल आज परत वाचले. पाच मार्चचा, मग बावीसचा. ऑफिसातल्या एखाद्या नवीन मुलाने मला असं लिहिलं असतं तर मी ओळखलं नसतं, ठीक आहे. पण तुम्ही कधी वाकडी रेघ सरळ म्हणाला नाहीत आणि सरळ रेघ वाकडी म्हणाला नाहीत. तुम्हाला रेघ वाकडी दिसतेय म्हटल्यावर मी रेघेकडे नाही, तुमच्याकडे बघायला हवं होतं.

आमचं प्रोजेक्ट मार्चअखेर बंद झालं. मला दुसऱ्या कामावर घेतलं आहे, महिन्याने सुरू होईल. तुम्हाला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. मधला वेळ मोकळा आहे. चौदा तारखेला सकाळी पुण्यात पोचते. घ्यायला येऊ नका, मी टॅक्सी करून येईन.

पायल

*

धायरी
२९ मे २०१६

चि. पायल,
सप्रेम जय भीम.

अक्षर काकूचं, शब्द माझे. तिला सांगितलंय की मधे स्वतःचं काही घालायचं नाही. ती हसतेय.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी डंपर आले. विहिरीत राडारोडा टाकायला लागले. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. दिसत नाही हे एका अर्थी बरं झालं, असं काकू म्हणाली. पण ऐकू येतं. आधी दगड पाण्यात पडल्याचा आवाज येत होता. दुपारी जेवून आलो तेव्हा दगडावर दगड पडायला लागला होता. मे महिना आहे, आणि तिच्यात पाणी होतं. संध्याकाळी आपल्या मजल्यावरची ती मुलं वर आली. आलेख मागून घेऊन गेली, म्हणाली, त्यांच्या कॉलेजात लावणार आहेत. दिला. मला ठेवून काय करायचाय.

दुसरं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी वाईट होणार नाही असं दिसतंय. डावा डोळा बिचारा आता कामाला लागलाय, या वयात त्याला नोकरी मिळाली. सदरा कोणत्या रंगाचा आहे तेवढं सांगतो. वाचण्याचं काही खरं नाही. काकू रोज पेपर मोठ्याने वाचते, तिला आवडत नाही ती बातमी गाळते. मला कळतं, मी बोलत नाही.

तू इथे होतीस तेव्हा एक गोष्ट बोलायची राहिली. तू आलीस त्या सकाळी दार मीच उघडलं. मी तुझ्याकडे बघितलं, आणि तू एकदम मागे वळलीस. तुला वाटलं, तुझ्यामागून कोणी आलंय आणि मी त्याच्याकडे बघतोय. मागे कोणी नव्हतं. मग तुझ्या लक्षात आलं. तू बॅग तिथेच टाकून मोरीत गेलीस आणि नळ सोडून रडलीस. पाणीकपात चालू असताना या घरात कोणी असा नळ सोडलेला नाही.

मी तुझ्याकडेच बघत होतो, पायल. सरळ बघितलं तर तुझ्या जागी नुसता धुरकट डाग येतो. तुझ्या खांद्यावरून पलीकडे, जिन्याच्या कठड्याकडे बघितलं की मग तू हळूहळू येतेस. आधी केस आले. कानशिलापाशी पांढरे झालेत, दिवाळीत नव्हते. मग गळ्याची हाडं दिसली. इतकी बारीक झालीस आणि आम्हाला म्हणायचीस जेवते. ओठ यायच्या आतच तू वळलीस.

पुढच्या वेळी वळू नकोस. दारात तशीच उभी राहा. मला बघायला जरा वेळ लागतो.

तुझा काका